गोधडीत शिजलेलं वरण

माय, आज निवृत्तीच्या समारंभात मी पाऊण तास बोललो आणि एक गोष्ट पुन्हा लपवली, म्हणून तुला लिहायला बसलो आहे. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझा आवाज मात्र तसाच आहे, पहिल्या रांगेला कानात बोटं घालायला लावणारा.

सक्करदऱ्याच्या घरातला तो रविवार. मी इंजिनिअरिंग कॉलेजात नवाच शिकवायला लागलो होतो. घरातली वीज कशी वाचवायची, याच्या हिशोबातून एककं शिकवावीत म्हणून दहा विद्यार्थी थेट आपल्या ओसरीत आणून बसवले होते. फळा खुर्चीवर टेकवलेला. मी गरजतो आहे, "एककाविना आकडा म्हणजे बेवारस प्रेत! देशात वीजकपात आणि आपण शेगड्या तापवत बसलोय!" बोट तुझ्या स्वयंपाकघराकडे. तिथली विजेची शेगडी मीच पहिल्या पगारातून आणलेली. चुलीच्या धुराने तुझे डोळे सारखे गळायचे, ते तिच्यामुळे थांबले होते. पण तत्त्वापुढे मला तुझे डोळे कुठले दिसायला! मी फळ्यावर लिहिलं: डाळ आठला चढते, दहाला उतरते, हजार वॉट गुणिले दोन तास, म्हणजे दोन हजार वॉट. "आजपासून ही शेगडी या घरातून हद्दपार! माझी आई उद्यापासून चुलीवर रांधेल!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तू पळी घेऊन दारात आलीस. "काहून गा, हजाराची म्हणून आणली होती न तू? दोन तासांत दोन हजाराची कशी झाली? मंग दिवसभर पेटवली तं तिच्यावर मिल चालन काय?"

एक मुलगा फिस्सकन हसला, मग सगळी ओसरी. वॉटला तासांनी गुणलं की वॉट-तास होतात. वीज जास्त जळते, शेगडीची ताकद वाढत नाही. तास मी सरळ गिळून टाकला होता. बेवारस प्रेत माझ्याच फळ्यावर पडलं होतं.

तू थांबली नाहीसच. "आन् दोन तास कोन पेटवते? अर्ध्या तासात उकळी आली का बंद. मंग डाळीचा गंज झाकण लावून गोधडीत बांधून ठेवतो मी. कधी सैपाकघरात डोकावला असता तं दिसलं असतं तुले."

मुलं आत धावली. गोधडी सोडली, झाकण काढलं, वाफ आली. डाळ लोण्यासारखी मऊ. एकाने न विचारता फळ्यावर लिहिलं: पाचशे वॉट-तास.

मी घाम पुसला आणि कडाडलो, "शाबास! मुद्दाम चूक केली होती. पाहत होतो, कोण पकडतं!" पुन्हा टाळ्या. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस, "असं काय," म्हणालीस आणि सगळ्यांना वरणभात वाढायला वळलीस. शेगडी राहिली. मला वाढताना वरणावर तुपाची धार जरा जास्तच धरलीस.

पुढे प्रत्येक वर्गाला मी ती मुद्दाम केलेली चूक रंगवून सांगितली. गोधडी तर माझाच प्रयोग होऊन बसली. आजही सांगितलं. त्या दहांमधला एक, आता टक्कल पडलेला, समोर बसून गालातल्या गालात हसत होता.

हा कागद खणातच राहील. चूक मुद्दाम नव्हती वं, माय. आणि आपल्या घरी वरण कसं शिजतं, तेही मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.