रोज एक संज्ञा

२ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.
गल्लीतल्या वाचनालयाच्या साहित्यसभेत आज अपमान. अध्यक्ष हरिसाधनदा चारचौघांत म्हणाले, निरुपमबाबू, अकरा वर्षं तुम्ही प्रत्येक कथेला नुसतं 'छान' म्हणताय, ती कथा आहे की मिष्टी दही? सगळे हसले.
सभेच्या दुर्गापूजा अंकाच्या संपादक मंडळात एक जागा रिकामी आहे. ती मी घेणार. पुढच्या सभेला पाच आठवडे. रोज एक साहित्यसंज्ञा पाठ. जाड वही आणली. ही तीच.

३ ऑगस्ट.
रूपक. झालं. सोपं आहे. जेवताना शिप्राला सांगितलं, तुझं शुक्तो हे आयुष्याचं रूपक आहे. तिने विचारलं, म्हणजे कसं? म्हटलं, कडू. तिने पातेलं उचलून आत नेलं. बायकोला साहित्याची गोडी नसली की माणसाला घरात एकट्यानेच झगडावं लागतं.

८ ऑगस्ट.
चार दिवस खंड. कारण, 'प्रतीक' फार खोल विषय आहे, घाई करून चालत नाही. शिवाय पंखा बिघडला होता. उद्यापासून रोज दोन.

१४ ऑगस्ट. सकाळी ८.
पूर्वसूचन. पुढे घडणाऱ्या गोष्टीची खूण लेखक आधीच पेरून ठेवतो. उदाहरण शोधत घरभर फिरलो, सापडलं नाही. शिप्रा स्वयंपाकघरात काहीतरी लिहीत बसली होती. काय गं हे? म्हणाली, वाणसामानाची यादी. चार पानं! जरा काटकसर कर म्हटलं. हसली.

२२ ऑगस्ट.
अतिशयोक्ती. बाजारात गोष्टो मासेवाला म्हणाला, हा इलिश दीड किलोचा आहे. याला अतिशयोक्ती म्हणतात, असं त्याला समजावलं. त्याने तोलून दाखवला. दीड किलो. मग माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. आज माशाऐवजी आलू-पोस्तो.

२९ ऑगस्ट.
नाट्यात्म उपरोध. वाचकाला सगळं कळतं, पात्राला कळत नाही. माझ्या ओळखीत असं कुणी नाही. चंदननगरच्या स्ट्रँडवर, नदीकाठाने तीन फेऱ्या मारल्या, तरी आठवेना. सभा आठवड्यावर आली, जीव थाऱ्यावर नाही. बसलं की उठावंसं वाटतं. पस्तीसपैकी नऊ संज्ञा झाल्या. नऊ पुरेत. हरिसाधनदांना सातच येत असतील.

५ सप्टेंबर.
शिप्रा म्हणाली, उद्या मीही येते सभेला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच! नवऱ्याचं बोलणं ऐकायची उत्सुकता लपत नाही. शर्टाला इस्त्री केली.

६ सप्टेंबर, रविवार.
आमच्याकडे लेखकाचं नाव टीका संपल्यावरच सांगतात. आज तिसरी कथा अशी: एक निवृत्त स्टेशनमास्तर पुस्तकातून पोहायला शिकतो. पलंगावर पालथा पडून हातपाय मारतो आणि पाण्यात श्वास कसा घ्यायचा ते बायकोला शिकवतो. बायको लहानपणी नदी पोहून शाळेत जायची. त्याने तीस वर्षांत कधी विचारलंच नाही.
मी उठलो. बारा मिनिटं बोललो. म्हटलं, नदीचं प्रतीक ठीक आहे, पण नवरा ही निव्वळ अतिशयोक्ती. इतका आंधळा माणूस जगात असूच शकत नाही. कुणी हसलं नाही. हरिसाधनदा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी नाव वाचलं. शिप्रा कुंडू.
जागा तिला मिळाली, एकमताने. हात मीही वर केला. जरा उशिरा.

७ सप्टेंबर.
ऑफिसला दांडी. सकाळी तिला विचारलं, कधीपासून लिहितेस? म्हणाली, लग्नाआधीपासून. मग ट्रंक उघडली. सतरा कथा. दुपारपर्यंत वाचत होतो. एका कथेला डोळे भरून आले. स्वतःची फार लाज वाटली.
ती दारात उभी राहिली. बोला टीकाकार, कशा आहेत?
नऊच्या नऊ संज्ञा आठवून पाहिल्या. म्हटलं, छान.
ती पोट धरून हसली. मग ही वही मागितली. पुढच्या कथेला कागद हवाय, आणि हिच्यात कोरी पानं भरपूर आहेत. म्हटलं, घे, माझी लिहिलेली तेवढी फाडून घेतो.
म्हणाली, राहू देत. तीच तर लागणार आहेत.