सव्वा मूठ

२७ जुलै १९९७, रविवार

सखाराम येऊन गेला. माझा धाकटा दीर. भेस्तानहून दोन रिक्षा बदलून आला, चहा अर्धा ठेवला आणि बोलला —

"वहिनी, औंदा कानबाई तुमच्याकडे. पुढल्या सालापासून लखनकडे."

लखन म्हणजे त्याचा पोरगा. मी विचारलं, का रे, माझ्या घराचं छप्पर गळतं का?

"तसं नाही. पण तुमच्याकडे पुढे मूठ कोणाची? वाल्मिकनंतर कोण?"

हे ऐकायला मी चहात आलं घातलं होतं.

वाल्मिक माझा एकुलता. त्याला एक योगिता. तिच्या बाळंतपणातच चंचलचं, म्हणजे सुनेचं, पिशवीचं ऑपरेशन झालं. पोरगा नाही, होणार नाही. आणि आमच्यात श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात पडतात, त्याच पिठाचे कानबाईचे रोट होतात. लखनला दोन पोरगे. म्हणजे देवी तिकडे.

एकाहत्तर साली पारोळ्याकडचं गाव सोडून इथे सुरतला, उधन्यात आलो तेव्हा तो कानबाईचा नारळ मी मांडीवर घेऊन आले. चांदीचे डोळे, नाकात नथ. भुसावळ-सुरत पॅसेंजर, बसायला जागा नाही, दाराशी ट्रंकेवर टेकले. तेव्हा सखाराम कुठे होता? तीन वर्षांनी आला, कारखान्यात चिकटवा म्हणून.

वाल्मिक भिंतीकडे बघत बसला. लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस, काकासमोर त्याचा धागा तुटतो.

२८ जुलै

भाजी खारट झाली. कोणी बोललं नाही. बोलून बघायचं होतं.

३० जुलै, बुधवार

योगिताच्या सुलभाबाईंनी, इतिहास शिकवतात त्यांनी, काम दिलंय. घरातली अशी गोष्ट शोधा जी आजीच्या आजीपेक्षा जुनी आहे. पोरगी सकाळपासून माझ्या मागे. जातं? म्हटलं ते सत्तर रुपयांचं आहे, मी घेतलंय. पाटा? फुटका आहे. मग मिरचीकडे बोट दाखवलं तर म्हणते, "आजी, मिरची आपली नाहीच. पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आली. परदेशी लोकांनी आणली."

मग त्याच्या आधी खान्देशात लोक खात काय होते? ठेचा कशाचा करत होते? ती म्हणाली मिरी वगैरे. मिरीचा ठेचा! असले लोक राज्य कसे करत होते कोण जाणे.

पण डोक्यात राहिलं. मिरची पाचशे वर्षांची. सव्वा मूठ किती वर्षांची? कोणीतरी पहिल्यांदा सूप पुढे ओढून सांगितलं असेल ना — ह्याची मूठ घाल, हिची नको. त्याचं नाव काय? तो मेला कधी? मेला तर अजून माझ्या स्वयंपाकघरात काय करतोय?

मला मूठ मोजायला सासूने शिकवलं. बोट सैल पडलं की पळीचा दांडा बोटांवर. "टवळे, पोरगा उपाशी ठेवशील." जन्मात एकदा नावाने हाक मारली नाही बाईने. टवळी आली, टवळी गेली. मेली तेव्हा मी रडले, पण शेजारणी बघत होत्या म्हणून.

योगिताला सांगितलं, लिही — सव्वा मूठ. आजीच्या आजीपेक्षा जुनी.

२ ऑगस्ट, शनिवार

शाळेत गेले. सकाळची शाळा सुटायच्या वेळी. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून झेंड्याची कवायत चाललेली, सगळ्या अंगणात पोरं आणि पिपाण्या. सुलभाबाई बारीकशा, चष्मा मोठा. म्हणाल्या, आजी, योगिताने फार छान लिहिलंय.

मी म्हटलं छान राहू द्या. माझा दीर म्हणतो हे अहिर राजांच्या वेळेपासून असंच आहे, पुरुषाचीच मूठ. तुमच्या पुस्तकात आहेत का ते राजे?

आहेत म्हणे. आभीर. सतराशे वर्षांपूर्वी. नाशिकच्या लेण्यात त्यांच्यातल्या एका राजाच्या वेळचा लेख कोरलेला आहे. बाईंनी फळ्यावर नाव लिहिलं, मी अक्षर अक्षर लावून वाचलं — माढरीपुत्र ईश्वरसेन.

माढरी कोण? तर आई. दगडावर आईचं नाव आधी, बापाचं नंतर. आणि त्याच लेखात एका बाईने आजारी साधूंच्या औषधासाठी ठेव ठेवल्याचं आहे. बाईने, स्वतःच्या नावाने.

मी विचारलं, त्याच्या घरात पीठ कोणाच्या नावाने मोजत होते ते लिहिलंय का?

बाई हसल्या. "नाही हो आजी. ते कोणी लिहीत नाही."

तेच तर. दान दिलं की दगडावर. रोजचं पीठ कुठेच नाही. मग सखाराम छाती ठोकून सांगायला मोकळा.

येताना वहीच्या कागदावर नाव उतरवून घेतलं. कमरेच्या पिशवीत तपकिरीच्या डबीखाली ठेवलंय.

५ ऑगस्ट

वाल्मिकला सांगितलं, औंदा योगिताची मूठ पडणार. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"माय, कशाला? काकाशी वाकडं होईल. देवी तिकडे गेली तर जाऊ दे ना. आपण जाऊ दर्शनाला."

दर्शनाला! माझ्या देवीला बघायला मी भेस्तानला जाऊ, आणि लखनची बायको मला पाणी विचारेल.

मी म्हटलं, तुझी पोरगी बारा वर्षांची झाली. हाताला सूप पेलतं तेव्हापासून ती ते धरून उभी राहते आणि माणसांची नावं ऐकते, त्यात तिचं नसतं. तुला कधी वाटलं काही?

त्याने घास परत ताटात ठेवला. चंचल भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग म्हणाली, "गहू मी निवडून ठेवलेत. जरा जास्तच घेतलेत." माझ्याकडे बघितलं नाही. पहिल्यांदा वाटलं पोरगं चांगल्या घरी दिलं.

८ ऑगस्ट, नागपंचमी

आज चिरायचं नाही, तळायचं नाही, नांगर चालवायचा नाही. नांगर उधन्यात कुठून आणू? वाल्मिक लूमवर गेला. लूम चालली तर नागाला काय होत नाही वाटतं. दोडका न चिरता शिजवायला मात्र मी.

९ ऑगस्ट, शनिवार

मोजलं.

चंचलने फडकं पसरलं, योगिताने सूप धरलं. मी नावं घेतली — सखाराम, वाल्मिक, लखन, लखनचे दोघे. एकेक मूठ, वर पाव मूठ. मग म्हटलं, योगिता. सूप हललं. म्हटलं नीट धर, गहू सांडतील. डोळे पुसायला हात नव्हता तिला, खांद्याला पुसले.

मग आणखी एक मूठ टाकली, नाव न घेता. चंचलने बघितलं, विचारलं नाही. दर वर्षी बघते.

ती कोणाची ते इथे लिहिते. माझी आहे. हे गेले एक्क्याऐंशीला, त्या श्रावणात त्यांच्या नावापाशी हात आला आणि थांबला. रिकामा मागे घ्यायचा जीव होईना. म्हटलं ते नाहीत तर मी आहे. सोळा वर्षं झाली. देवी रागावली नाही, रोट फुटले नाहीत, कोणाच्या पोटात दुखलं नाही. अशी चोरी घरात मी पहिलीच करत असेन.

चक्कीवर रमणभाईने दगड धुऊन पुसून ठेवले होते. कानबाईचं दळण म्हटलं की आधी दुसऱ्याचं पीठ पुरतं काढतो, इतक्या वर्षांत शिकला. पण जीभ त्याचीही वळवळते. "बा, तमारा लोको तो सुरत लूंटवा आव्या हता." तुमचे लोक सुरत लुटायला आले होते म्हणे, दर वर्षी हेच. सव्वातीनशे वर्षं झाली, ह्यांच्या दुकानाचं शटर अजून खाली येतंय.

मी म्हटलं, ते घोड्यावर आले होते. आम्ही पॅसेंजरने आलो, दाराशी ट्रंकेवर. आणि सव्वीस वर्षं तुझ्या गावाचं कापड विणतोय. आता दळ.

हसला. पीठ बारीक दिलं.

१० ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. पाटावर नारळ, नथ, चांदीचे डोळे, हिरवं पातळ. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. सखाराम सगळ्यांना घेऊन आला — बायको धुरपदा, लखन, त्याची बायको, दोन्ही पोरगे. आरती झाली. पानं वाढली.

योगिताने घात केला. लखनच्या धाकट्याला म्हणाली, "ह्याच्यात माझी पण मूठ आहे." मोठ्याने. मी तिला सांगितलं नव्हतं लपव म्हणून. लपवायचंच नव्हतं.

सखारामने हात मागे घेतला. "वहिनी, पोरनी मूठ? हाई कव्हय व्हयेल शे का?" असं कधी झालंय का म्हणे.

"आज झालंय."

"ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल. तिचं कुळ बदलेल. अहिर राजांपासून चालत आलेलं आहे हे."

मी म्हटलं, बरं. पोरगी जाणार म्हणून तिची मूठ नाही. मग मी तर आले ना? माझं कुळ बदलून तुमच्यात आले, तुझी बायको आली, चंचल आली. मग आमच्या मुठी कुठायत? जाणारीची नाही, आलेलीची नाही. बायका काय रेल्वेत राहतात का?

लखनची बायको पदराआड हसली. लखनने तिच्याकडे बघितलं, ती गप्प झाली.

मी कमरेतून कागद काढला. वाचून दाखवलं. हा तुझा राजा. आधी आईचं नाव, मग बापाचं. दगडावर आहे, नाशिकला, बस जाते.

"दगडावरचं दगडावर," सखाराम म्हणाला. "आपल्या घरात मायने जे शिकवलं ते."

मायचं नाव काढलं म्हणून माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझ्या मायने शिकवलेलं मी सोळा वर्षांपूर्वीच मोडलंय. दर साली माझी एक मूठ असते. तुझा भाऊ गेला तेव्हापासून तू माझ्या मुठीचे रोट खातोयस, आणि दुसऱ्यांदा मागून खातोयस.

तो उठला. लखन उठला. पोरगे पुरणपोळीकडे बघत बघत उठले. धुरपदा सगळ्यात शेवटी. ती काहीतरी बोलणार होती, पण सखारामने दारातून हाक मारली.

त्यांच्या वाटणीचे चार रोट पानात तसेच.

११ ऑगस्ट

तापीवर जाऊन देवीची पूजा वाहिली, नारळ परत आणला. आम्ही चौघंच. दुसऱ्या घरांतून वीस-वीस माणसं नाचत होती. वाल्मिकने नारळ डोक्यावर घेतला. परत येताना म्हणाला, "माय, थोडा वेळ योगिताला देऊ का?" दिला. ती अशी चालली, जशी डोक्यावर काच आहे.

१४ ऑगस्ट

चार रोट डब्यात आहेत. कानबाईचे रोट परक्याला द्यायचे नसतात, टाकायचे नसतात. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. उरले तर जमिनीत पुरायचे. आम्ही खाल्ले तर संपतील, पण ते त्यांच्या वाटणीचे आहेत. मी हात लावणार नाही.

सखारामने कारखान्यात वाल्मिककडे निरोप दिला — पौर्णिमेला पुरायला येतो, तेव्हाच नारळही नेतो. पुरले की भावकीचं नातं तुटलं, सगळ्यांना कळेल.

येऊ दे. खड्डा त्यालाच खणायला लावीन. कंबर दुखते त्याची.

१७ ऑगस्ट

चंचल विचारते, चुकलं का आपलं? मी म्हटलं, डब्याला मुंग्या लागल्यात का बघ.

१८ ऑगस्ट, पौर्णिमा

सखाराम आला नाही. धुरपदा आली, एकटी. "अक्का, रोट आन." म्हटलं आज सोमवारचा उपास धरतेस ना? म्हणे देवीचाच आहे. दुधात भिजवून अर्धा खाल्ला. मग तिने सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं.

मी, थोरली, लग्न होऊन आले त्या वर्षापासून सासू म्हणे माझ्या नावाची एक मूठ टाकायची. धुरपदा आली तेव्हा दोन झाल्या. धुरपदाने सूप धरलेलं, तिने बघितलं. म्हातारी म्हणाली, "ही त्या टवळीची, ही तुझी. तिला सांगू नको, तोंडाळ आहे, गावभर करेल."

मेली, आणि सूप माझ्या हातात आलं. मी नियमाने मोजलं, हे जाईपर्यंत. बारा वर्षं. धुरपदाची मूठ मी बुडवली, माझीही. आणि परत टाकली तीही माझ्या एकटीचीच.

काल रात्री धुरपदाने हे सखारामला सांगितलं. काय म्हणाला? सकाळी ती निघताना म्हणाला, "उरेल रोट डबामा लई येजो." उरलेले डब्यात घेऊन ये म्हणे, खायला. नारळाचं नाव काढलं नाही.

म्हातारे, तुला मी शिव्या दिल्या त्या परत घेत नाही. पळीचा दांडा अजून आठवतो. पुढल्या साली एक मूठ धुरपदाची, एक चंचलची. आणि एक तुझी.