रांजणावरच्या पाकळ्या

दिंद्रुड,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय आश्रुबा,

"देवाला इचारायच्या आदी सोताला इचार, तुला काय ऐकायचंय ते." आत्याबाईंचं हे वाक्य तुला आठवतं का? तुझ्या आईनं ते आपल्या थोरल्या लेकाला, दादांना ऐकवलं तेव्हा तूही तिथेच होतास. माळावरच्या आपल्या खोपीच्या दारात बैलाचं दावं वळत बसला होतास. दादा धुतलेलं धोतर नेसून भैरोबाला निघाले होते आणि आत्याबाई गोधडीत बसून खोकत होत्या. दादा हसले. देवाच्या कामात बाईमाणसानं मध्ये बोलू नये, एवढंच म्हणाले आणि निघून गेले. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, म्हातारीची कुरकुर आहे. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य मला कुणाच्या तरी आवाजात ऐकू येतं. आवाज आत्याबाईंचा नसतो, दादांचाही नसतो. कधीकधी वाटतं, तो माझाच असावा.

माझं इथे बरं चाललं आहे. भाऊ मायाळू आहे. लहानपणी त्यानंच मला अक्षरं गिरवायला शिकवली, म्हणून हे पत्र कुणाकडून लिहून घ्यावं लागत नाही. भावजय जरा बोलकी आहे, पण मनानं चांगली. त्यांच्या दाराशी निंबाखाली पाण्याचा रांजण आहे. निंबाचं पान गळून रांजणाच्या ओल्या पोटाला चिकटलं की माझे पाय तिथेच थांबतात. ते पडेपर्यंत मला हलता येत नाही. परवा भावजय म्हणाली, "वन्सं, पान हाय का सोन्याचा दागिना? किती येळ बगावं माणसानं!" मीही हसले. पान पडलं तेव्हाच घागर उचलली. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगते आहे, कारण आपल्या घरच्या रांजणावर काय चालायचं ते तू पाहिलं आहेस आणि त्याचा अर्थ तुला कुणी सांगितलेला नाही.

ते साल आठव. घराघरांत प्लेगचे उंदीर मरून पडू लागले तेव्हा दादांनी सगळं गाव माळावर काढलं. लेकरं, ढोरं, जाती, कोंबड्या, सगळं. आपली गीता तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. तुझी बायको म्हणून कमी आणि माझी लेक म्हणून जास्त वावरायची. तिनं खोपीच्या कडेला झेंडूचं बी टाकलं. आत्याबाई तिला चिडवायच्या, लेकी, आपण हितं कायमचं ऱ्हायाला आलोत का? ती म्हणायची, फुलं लागली की घरी जाऊ. फुलं लागली. थंडी वाढली. शेजारच्या गावचे लोक सरकारी हुकूम यायच्या आधीच घरी परतले आणि आपल्या माणसांचा धीर सुटला. पाटलाला माळच गोड लागायला लागला, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. पाटील उंदराला भितो, असंही. दादा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण संध्याकाळ झाली की आईचा खोकला त्यांना ऐकू यायचा. कुडातून वारं आत यायचं आणि ते आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकून स्वतः बाहेर बसायचे.

मग त्यांनी कौल लावायचं ठरवलं. भैरोबाच्या शेंदरी अंगावर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांबा. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे असंच चालत आलं आहे आणि पाकळ्या लावायचा मान पाटलाचा. झेंडूचं फूल गीतानं खुडून दिलं. तिनं ते ओंजळीत धरून दादांच्या पुढे केलं, ती खाली घातलेली मान आणि ती ओंजळ मला अजून दिसते. उजवी पाकळी लगेच पडली. हलगी वाजली, गुलाल उधळला आणि त्याच दिवशी गाड्या जुंपल्या गेल्या. पुढचं मी लिहीत नाही. तुझ्या घरातून पहिली तीच गेली आणि मागोमाग गावातली किती, ते तू जाणतोस. ज्यांना थंडीतून उचलून घरात आणलं त्या आत्याबाई मात्र पुढे बरीच वर्षं जगल्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. दादांसमोर तर त्या डोळेही वर करत नसत.

दादांना कुणी बोल लावला नाही, आश्रुबा. देवानं सांगितलं तसं केलं, पाटलाचा त्यात काय दोष, असं ज्यांच्या घरात दिवा लावायला दुसरं माणूस उरलं नव्हतं तेही म्हणाले. तू सुद्धा म्हणालास. तू देवळात जायचं सोडलंस, भैरोबाचं नाव काढलं की उठून जायचास, पण दादांच्या पाया पडायचं सोडलं नाहीस. त्यांना ते सहन होत नव्हतं. मग तो रांजणाचा नाद सुरू झाला. दिवेलागणीला ते अंगणात यायचे, झेंडूच्या नाहीतर जे मिळेल त्या फुलाच्या दोन पाकळ्या रांजणाच्या पोटाला लावायचे आणि समोर बसून राहायचे. पडल्या की पुन्हा लावायच्या. एकदा तू विचारलंस, "दादा, कावून ह्यो खेळ मांडलाय?" ते तुझ्याकडे असे बघत राहिले, की तूच घाबरून गोठ्यात निघून गेलास. दादांचं डोकं फिरलं असं तुला वाटलं. गावालाही वाटलं. मी कुणाला खोटं पाडलं नाही.

पण एक गोष्ट तू पाहिली असशील. त्यानंतरच त्यांची पाटीलकी पिकली. पूर्वी ते झटकन निवाडा करत आणि तो ठसक्यात सांगत. आता चावडीवर कुणी तक्रार घेऊन आलं की गप्प बसून राहायचे. लोक कुजबुजायचे, पाटील आता सोताचीच पंचायत भरवतेत. खरंच भरवत होते. म्हाळू धनगराची मेंढरं ज्वारीत शिरली म्हणून सगळी आळी त्याला बांधायला निघाली होती, आठवतं? दादा त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, मला म्हाळूच चोर ठरायला पायजे हाय. कावून, तर तो परका हाय, उद्या मेंढरांचा वाडा हलवून निघून जाईल, आन् आळी मातर माझी हाय, रोज तोंड दाखवायचंय. असं स्वतःशी कबूल केल्यावर ते उन्हातून शेतात गेले. ज्वारीत बैलांचे खूर उमटले होते, मेंढरांचा एकही नव्हता. म्हाळूला त्यांनी भाकरी खायला घरी आणलं. मला वाटतं, माणसं सांभाळण्याचं जे काही शहाणपण त्यांना आलं ते आत्याबाईंच्या या एका प्रश्नातून आलं. पण तो प्रश्न त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचला होता आणि वाटेत गीता उभी होती.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला रांजणाचा अर्थ सांगितला. पाकळ्या लावायच्या आधी ते मनात धरायचे, आज उजवी पडावी. ती पडायची. डावी पडावी म्हटलं की डावी. मनात काहीच धरलं नाही की दोन्ही कितीतरी वेळ तशाच चिकटून राहायच्या. "त्या दिशी डावी पाकळी मी आंगठ्यानं दाबली," ते म्हणाले, "उजवी नुसती टेकवली. देवाशपथ, तवा मला कळलं न्हाई. हाताला कळलं हुतं." मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. मग म्हणाले, "आश्रुबाला सांगू नको. त्याला देवाचा राग धरू दे. भावाचा नको."

मी इतके दिवस पाळलं. तुझं दुसरं लग्न झालं, पाटीलकीची पगडी तुझ्या डोक्यावर आली, तू पुन्हा भैरोबाच्या पायरीवर बसू लागलास. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हे माझ्याबरोबर जाईल. पण काल आपल्या गावचा आसाराम इथल्या बाजारात बैल बघायला आला आणि ओट्यावर बसून पाणी पिता पिता बोलून गेला, की गावात उंदीर पडायला लागलेत. पहिले धान्याच्या पेवापाशी, मग तुझ्या गोठ्यात. निम्मं गाव म्हणतं माळावर जाऊ, निम्मं म्हणतं ज्वारी उभी आहे, कशाला उगाच. आणि तू म्हणालास, देव सांगंल तसं, अमावास्येला कौल लावू. आसाराम हेही म्हणाला, की वत्सलाबाईंचे दिवस भरत आलेत. हे ऐकलं आणि मी भावाकडून कागद मागून घेतला. पहिलटकरीण बायकोला थंडीत कुडाच्या खोपीत न्यायचं कोणाच्या मनात येईल? तुला कोणती पाकळी पडायला हवी आहे, ते मला इथे दिंद्रुडात बसून दिसतं. तुझ्या हाताला ते नक्की कळलेलं आहे. तुला कळलं आहे का?

म्हणून दादांना दिलेला शब्द मोडून हे लिहिलं. आता तू राग धरशील. देवावरचा उतरवून भावावर धरशील, कदाचित माझ्यावर. धर. आसाराम उद्या पहाटे निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. कौल लावू नकोस असं मी म्हणत नाही. तो गावाचा आहे, मी मोडणारी कोण? माझं मागणं एवढंच आहे. पाकळ्या हातात घेतल्यावर, भैरोबाला हात लावायच्या आधी, वळून सगळ्या गावाकडे तोंड कर आणि मोठ्यानं सांग, की मला गावातच राहायचं आहे, माझी बायको अवघडलेली आहे, मला हीच पाकळी पडायला पाहिजे. एवढं बोल आणि मग ज्याच्या मनात कुठलीच पाकळी नसेल, ज्याचा हात मोकळा असेल त्याला पाकळ्या लावायला सांग. कुठला पाटील असं कधी बोललेला नाही. तूही बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मागते.

तुला कडेवर वाढवलेली, तुझीच
केसरवहिनी