ट्रंकेतला शर्ट आणि पाच बाटल्या

३ नोव्हेंबर

गिऱ्हाइकाच्या कोटाला इस्त्रीने भोक पाडलं. धूर दिसला तेव्हा मला कळलं. जळका वास आख्ख्या लॉन्ड्रीत भरला होता म्हणे. पलीकडच्या टेबलावरची ओरडली, "अगं बये, नाक आहे की शोभेला लावलंय?"

शोभेलाच. तापात गेलं ते गेलं. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. मालक म्हणाले, तुम्ही आता इस्त्री नको, घड्या घाला.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे आणि काय येतंय ते लिहायचं. म्हणून हे लिहिणं. आज – काही नाही.

५ नोव्हेंबर

पोरीने बाटल्या पाठवल्या. बोटाएवढ्या. लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी. पाचवी लव्हेंडरची, झोप यावी म्हणून. ती दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात असते. फोनवर शाळाच घेतली मास्तरीणबाईंनी. "आई, हे डोक्याला थापायचं तेल नाही. अर्क आहे. अंगाला तसंच लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, गॅसपाशी ठेवायचं नाही. कापसावर थोडे थेंब, कापूस बरणीत, झाकण घट्ट. हुंगायचं ते दुरून."

म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून तेल बघतेय मी.

"बघितलं असशील. हे नाही."

लिंबू – नाही. गुलाब – नाही. लवंग – नाही. निलगिरी – गार वाटलं. वास नाही, नुसतं गार.

६ नोव्हेंबर

खरं ते लिहून टाकते, इथे कोण बघायला येतंय. मला लिंबाशी काही देणंघेणं नाही. मला ट्रंकेतला शर्ट हुंगायचाय.

हे गेले फेब्रुवारीत. चौकात कुलपं-किल्ल्यांचा ठेला होता ह्यांचा. पितळेचा कीस, घाम, हात धुवायचा तो हिरवा साबण – दारात आधी वास यायचा, मागून माणूस. अंगावरचा शेवटचा शर्ट मी धुतला नाही. मी! लोकांचे कपडे धुण्यात जन्म गेला, तो एक तेवढा नाही धुतला. ट्रंकेत ठेवला. ताप येईपर्यंत रोज जरासा हुंगायचे आणि झाकण पटकन लावायचे, उडू नये म्हणून.

मफलरही ठेवायचा होता. सापडलाच नाही. घरात तेव्हा माणसांची वर्दळ, कोणी उचलला कोण जाणे. पोरीला विचारलं, "बघते" म्हणाली, संपला विषय. बाप गेला तर हिच्या डोळ्यात टिपूस नाही. दवाखाना, कागदपत्रं, सगळं उभ्या उभ्या उरकलं आणि गेली निघून. हिला बापाचं काही नाही. तोंडावर बोलले नाही कधी, पण मनात आहे.

वास काही जन्मभर टिकत नाही. शर्ट आधी विझतो की माझं नाक आधी जागं होतं – एवढंच बघायचंय.

९ नोव्हेंबर

दुरून हुंगून कुणाचं भलं झालंय? लवंगेचं तेल बोटावर घेतलं आणि नाकाखाली चोळलं. तेल म्हणजे चोळायचंच ना! आग आग झाली. पाणी मारलं तरी थांबेना. पोरीला फोन लावला. "नुसत्या पाण्याने नाही जात ते. आधी साधं खायचं तेल लाव, पुसून काढ, मग साबण. आणि डोळ्याला हात लावू नकोस, हात जोडते तुला." शिव्या घालत होती आणि फोन काही ठेवत नव्हती. "थांबली का आग? आता? आता गं?"

मला लाल मिशी आली आहे. उद्या लॉन्ड्रीत फुकटचा तमाशा.

१० नोव्हेंबर

काही नाही. मिशीची सालं निघतायत.

१४ नोव्हेंबर

शेजारणीच्या स्वेटरांना कसर लागली. चाळण झाली नुसती. धावत जाऊन ट्रंक उघडली. शर्टाला भोक नव्हतं. पण आज नाही तर उद्या किडा शिरणारच. लॉन्ड्रीत ठेवणीतल्या कोटांच्या घडीत आम्ही लव्हेंडर लावलेला कागद सरकवतो, कसर फिरकत नाही. हात सवयीचा, तेच केलं. बाटली कागदावर उलटी धरली. पडलं की नाही कळेना. अजून थोडं टाकलं. मग अजून. कागद शर्टाच्या घडीत घातला, ट्रंक बंद.

बसा म्हणावं आता बाहेर.

१९ नोव्हेंबर

पाण्यात तेल टाकलं की वाफ सोडतं, असलं यंत्र आणलं. दारं-खिडक्या लावून निलगिरी सोडली आणि कामाला गेले. नाक हट्टी तर मी काय कमी आहे?

शेजारणीचं मांजर कॉटखाली झोपलेलं, मला पत्ताच नाही. कामावरून येऊन बघते तर तोंडाला लाळ, पाय लटपटतायत. शेजारीण आली ती नाकाला रुमाल लावूनच. "अहो, उभं राहवत नाही इथे! भिंतीतून माझ्या घरात येतोय वास. किती ओतलंत?"

म्हटलं, मला काय कळतंय?

"कळत नाही त्याने मोजून टाकावं. कळत नाही म्हणून का ओतत सुटायचं?"

जनावरांच्या डॉक्टरांनी मांजर ठेवून घेतलंय. मांजरांच्या अंगात ही तेलं जिरत नाहीत म्हणे. मेलं तर त्या बाईला तोंड कसं दाखवू?

२० नोव्हेंबर

मांजर वाचलं. जेवायला बसले आणि घास हातातच राहिला.

ट्रंकेत मी किती टाकलं?

२४ नोव्हेंबर

पोरगी आली. चपला काढायच्या आधी खिडक्या उघडल्या. यंत्र धुऊन कपाटावर चढवलं. "लावायचंच असेल तर खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ, आणि मांजर घरात नसताना. आणि एवढंसंच." बोटाचं पेर दाखवलं. सगळ्या बाटल्या घट्ट करून अंधाऱ्या खणात ठेवल्या. लव्हेंडरची हातात घेऊन हलवली. "ही कशी संपली गं?"

तिला ट्रंकेपाशी नेलं. म्हटलं, शर्ट हुंग. बाबांचा येतो का सांग.

तिने शर्टात तोंड घातलं. बराच वेळ वर काढलंच नाही.

"येतो," म्हणाली.

नक्की?

"येतो म्हटलं ना आई. आणि सारखी उघडू नकोस ती." मग भांडी घासत बसली, घासलेलीच.

माझा जीव भांड्यात पडला. मी तो कागद काढून फेकून दिला.

२ डिसेंबर

लवंग आली! जळक्या रबरासारखी आली, पण आली. लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगितलं. पलीकडची म्हणाली, "चला, आता तुझ्याजवळ बसताना पावडर लावून यायला हवं."

८ डिसेंबर

लिंबू – आहे. गुलाब – जरासा. साबणाच्या वाफेचा वास येतो. मालकांच्या डब्याचाही येतो, तो नसता आला तरी चाललं असतं.

ट्रंक उघडायचा धीर होत नाही.

११ डिसेंबर

उघडली. लव्हेंडर. दुसरं काहीच नाही. कॉलर हुंगली, काखा हुंगल्या, खिसा उलटा करून हुंगला. कुणाचा तरी ठेवणीतला कोट हातात घेतल्यासारखं वाटलं.

मी रडले नाही. पोरीला फोन केला. खोटं का बोललीस?

"मग काय सांगू? गेला म्हणून सांगू? मांजराचं झाल्यापासून तुझा चेहरा बघितलास का तू?"

म्हटलं, तुला काय, तुझं काय गेलंय!

"रविवारी येते," एवढंच म्हणाली.

१५ डिसेंबर

आली आणि उभ्यानेच पिशवीतून बरणी काढली. अर्काच्या बाटलीसारखीच तपकिरी काच, झाकणाला रबर. आत ह्यांचा मफलर, चोळामोळा करून कोंबलेला.

"मीच नेला होता. तू विचारलंस तेव्हा तोंडातून निघालं नाही गं. द्यावासा वाटेना." खाली बसली. "आता तुझ्याकडे ठेव. मी येत जाईन हुंगायला."

झाकण उघडलं. दोघी एकदम वाकलो, डोकी आपटली.

पितळ. हिरवा साबण. हे.

"लाव, लाव, उडेल," ती म्हणाली, अगदी माझ्या आवाजात.