हा रात्री दात खातो

९ मार्च २००३, रविवार
चर्चमध्ये उपदेश चालू असताना घोरलो. पास्टर दोन मिनिटं थांबले म्हणे. आई म्हणते दोन कसली, चार. मला काय माहीत, मी झोपलेला. आर. के. पुरमला घरी पोहोचेपर्यंत मी जांभया देत होतो. जांभई दिली की कानाजवळ कट् वाजतं, जबडा अडकतो, हाताने सरकवावा लागतो. सकाळी तर पोळीही चावत नाही.

११ मार्च
बोंबललं सगळं. धौला कुआँच्या लाल दिव्यावर बाइकवर बसल्या बसल्या डोळा लागला. पाय सुटला, बाइक आडवी, मागे बसलेला मित्र गोल्डी आडवा. लागलं कोणालाच नाही, रस्त्यावर बसून हसलो. पण गोल्डीच्या पोटात काही राहत नाही. आईच्या हातचे पोहे खाता खाता बाबांना म्हणाला, "अंकल, ये तो रेड लाइट पे ही सो जाता है!"
बाबांनी बाइकची चावी उचलली, ऑफिसच्या ब्रीफकेसमध्ये टाकली, नंबरचं कुलूप फिरवलं. "आधी जागा राहायला शीक. मग लेह."
लेहचा रस्ता जूनमध्ये उघडतो, गोल्डीबरोबर बाइकने जायचंय. दोन वर्षं नकाशा बघतोय. घडीवर फाटला पण.

१४ मार्च
आईचं निदान: जंत. "लहानपणापासून रात्री दात खातोस अमल्या, दुसरं काय असणार?" जंताची गोळी. सहावीपासून कितवी, देव जाणे. वाद घालायला तोंड उघडत नव्हतं, गिळली.

२२ मार्च
आईच्या मैत्रिणीने दातांच्या डॉक्टरीणबाई सांगितल्या, गुडगावला. एकटाच गेलो. दवाखाना नव्या मॉलच्या मागे. मॉलमध्ये सरकता जिना! घुंघटवाल्या दोन बायका खाली उभ्या, पायरी आली की पाऊल मागे. हात धरून वर नेलं. वर गेल्यावर म्हणाल्या, अब नीचे। मग पुन्हा वर, मजा म्हणून. पाच फेऱ्या. बाहेर काचेच्या बिल्डिंगसमोर म्हशी बसलेल्या, त्यांचं काचेतलं रूप बघत राहिलो. दवाखाना बंद झाला.
आई: "जबडा दाखवायला गेला होतास की म्हशी?"

२९ मार्च
आज आई सोबत. हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.
डॉ. मॅडमनी विचारलं, रात को क्या तकलीफ़ है? मी बोलायच्या आत आई, तिच्या दिल्लीत पंचवीस वर्षं मुरलेल्या हिंदीत, "डॉक्टर, ये रात को दाँत खाता है."
"खाता है?"
"बहुत खाता है. कर्रकर्र. बाजू के कमरे तक सुनाई देता है."
मॅडमनी माझे दात मोजले. एक कमी. (दहावीत काढलेला. सांगणार होतो, पण तोंडात त्यांचा आरसा.) मॅडमचा चेहरा उतरला. झोपेत दात गिळला, श्वासनळीत अडकला असेल तर? त्याच गल्लीत ताबडतोब एक्स-रे फोटो. छातीचा एक, मानेचा बाजूने एक.
दात कुठेच नाही. मी मोकळ्या तोंडाने सगळं सांगितलं. "अच्छा! दाँत पीसता है!" मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या, डोळे पुसले. आई लालेलाल. "आमच्यात खातातच," म्हणाली, मराठीतच.
मग मॅडमनी तोच मानेचा फोटो पुन्हा उजेडात धरला. जिभेच्या मागे बोट ठेवलं. हवेची वाट केवढी बारीक. खालचा जबडा माझा मुळात मागे. दिन में नींद आती है? आई म्हणाली, चर्च में भी।

१९ एप्रिल
हॉस्पिटलात वायरी लावून झोपायची टेस्ट झाली. रिपोर्ट: झोपेत श्वास अडतो, तासाला वीसेक वेळा.
मॅडमनी हाताने करून दाखवलं. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, जीव जबडा पुढे ढकलून वाट उघडू बघतो. रात्रभर ही कुस्ती. म्हणून दात खाणं, म्हणून जबड्याचा सांधा सुजलेला, म्हणून दिवसा डुलक्या. "तुझ्या केसमध्ये तरी असं वाटतंय," (हिंदीत) "सगळ्यांचं असंच असतं असं नाही."
म्हणजे मी आळशी नाही! कॉलेज सुटलं, दोन नोकऱ्या सुटल्या, सगळं त्या बारीक वाटेपायी? सगळं नसेल. म्हशीही आहेतच.
संध्याकाळी आईने जंताच्या गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं. मग, "इतक्या गोळ्या दिल्या रे तुला." मी म्हटलं, जंत तर नाहीत ना एकही! हसली एकदाची.

३ मे
झोपताना दातांवर लावायचा साचा मिळाला. वरच्या दातांना एक, खालच्यांना एक, मध्ये स्क्रू. खालचा जबडा पुढे धरतो. सांधा दुखरा आहे म्हणून अगदी हळूहळू पुढे न्यायचा, दुखलं की थांबायचं. लावून बोललो तर गोल्डी म्हणतो, "यार, तू तो दो साल का हो गया."

१७ मे
स्वप्न पडलं!! पूर्ण, शेवटासकट. सहाला आपोआप जाग. पेपर वाचला, दूध आणलं, तरी सातच वाजलेले. एवढ्या मोठ्या सकाळचं लोक करतात काय?
पोळी चावली. कट् अजून वाजतं, पण अडकत नाही.
आई मात्र रात्री दारात येऊन उभी राहते म्हणे. "आवाज येत नाही रे, म्हणून बघते."

१ जून
चर्चमध्ये आख्खा उपदेश ऐकला. लांबच असतो.
घरी बाबा अचानक, "ब्रीफकेसचा नंबर तुला माहीत आहे ना?"
"हो. माझी जन्मतारीख."
"कधीपासून?"
"पहिल्या दिवसापासून."
"मग उघडली का नाहीस?"
म्हटलं, तुम्ही ठेवलीय ना. आणि खरं सांगायचं तर, पुन्हा डोळा लागला तर मागे गोल्डी असतो. बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ.

७ जून
परवा दुसरी टेस्ट झाली, साचा लावून. आज रिपोर्ट. मॅडम आधीच म्हणाल्यात, ठीक वाटणं वेगळं आणि ठीक असणं वेगळं, कागद बघितल्याशिवाय बाइकला हो म्हणणार नाही. गोल्डी चौदाला लेहला निघतोय, रिपोर्ट कसाही असो.
सकाळी बाबा म्हणाले, चलो, मीपण येतो. ऑफिसला सुट्टी टाकलीय. आता खाली उभे आहेत, आईला हाका मारतायत. खिडकीतून दिसतायत.
सुट्टीच्या दिवशी, हातात ब्रीफकेस.