शालूनं उतरवलेली पानं

मिठबाव, सोमवार, १० ऑगस्ट १९५९

मुंबईहून शालूचं पत्र आलं. त्या नामांकित कॉलेजात मुली तिच्या बोलण्याला हसतात. विचारते, "आये, परत येऊ?" शेजारच्या फिलोमेनाला वाचून दाखवलं. म्हणाली, "बोलाव गो पोरीक. त्या कॉलेजाक काय शिंगां आसत?"

हे असते तर त्यांना विचारलं असतं. ते जाऊन चार वर्षं झाली, सगळं एकटीनंच ठरवायचं.

पत्रासोबत, नेहमीसारखी, तिथल्या ग्रंथालयातल्या पुस्तकाची चार पानं माझ्यासाठी उतरवून पाठवली आहेत. एवढ्या दुःखातही अक्षर सुबक. दोनदा वाचली.

घर खायला उठतं, तरी लिहिलं, "येऊ नकोस. टिकून राहा." पत्र टपालात गेलं. आता मन खातंय. हे तिच्या भल्यासाठी लिहिलं, की ती पानं यायची थांबतील या भीतीनं?