खांदा द्यायला सहा जण

प्रिय इड्वल,

बाबा काल गेले. खाण बंद झाली, तरी तिची धूळ ते शेवटपर्यंत खोकत होते. दोन वर्षांत तुझं नाव घेतलं नाही. परवा मात्र म्हणाले, "त्याच्याकडे कोळसा असतो का गं?"

संध्याकाळी एम्रिसकाका आले. म्हणाले, "नेस्टा, तुझा भाऊ आला तर आम्ही खाणीतले सहाही जण खांदा देणार नाही. संप फोडायला कंपनीच्या बसमधून कामावर गेला होता ना? मग बापालाही बसमधूनच ने म्हणावं."

मी चहा ओतत राहिले.

आपल्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत. म्हणजे गुरुवारी दफनाला बाबांच्या मागे आपल्या दोघांपैकी कोणीच नसेल.

हे पत्र मी शुक्रवारी टपालात टाकीन.

तुझी ताई,
नेस्टा